फाकलेले पाय, मुडपलेली बोटं आणि मशीनमधलं पाणी

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी एक काम करा. कोंबडीच्या पिल्लांखाली वर्तमानपत्र अंथरल्याचं तुम्ही लिहिलंय, ते आत्ता उठून काढा. त्या जागी जुनं गोणपाट, जाडसर टॉवेल किंवा स्वयंपाकघरातल्या खणात घालतात ती रबरी जाळीची चटई घाला. गोणपाट असेल तर सुटे धागे कातरून टाका, ते बोटांत अडकतात. दीड दिवसाच्या पिल्लाला वर्तमानपत्रावर उभं करणं आणि आपल्याला पावसात शेवाळलेल्या विसर्जन घाटावर उभं करणं सारखंच. तुमच्या काही पिल्लांची दुखणी त्या कागदाने वाढवली आहेत.

केलंत? आता तुमची हकिकत थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कळव्याला राहता. ५६ अंड्यांचं, पंखा असलेलं अंडी उबवायचं मशीन घेतलंत, मुरबाडजवळच्या माहेरून ३० गावठी अंडी आणून जुलैत लावलीत. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे पाण्याच्या दोन्ही पन्हळी पहिल्या दिवसापासून भरून ठेवल्या. २१व्या दिवशी रात्री पहिलं पिल्लू आलं आणि २३व्या दिवसापर्यंत रेंगाळत एकूण १७. त्यांत चौघांचे पाय दोन बाजूंना फाकलेत, दोघांच्या पायांची बोटं मुठीसारखी आत वळलीत आणि एकाचा एकच पाय बाहेर फिरलाय, सांधा सुजलाय. सासरे म्हणतात, मोडकी पिल्लं जगत नाहीत. तुम्हाला विचारायचंय की पाय सुधारतील का, असं का झालं आणि ही पिल्लं पुढे पैदाशीला चालतील का.

मी डॉक्टर नाही. घणसोली गावठाणात १६ वर्षं गावठी पिल्लं काढतो, त्याआधी आजीच्या हाताखाली खुडूक कोंबड्या बसवायचो. सासऱ्यांचं म्हणणं एका पिल्लाबाबत खरं ठरू शकेल. सहांबाबत मी त्यांच्याशी पैज लावायला तयार आहे.

फाकलेल्या पायांचं आधी बघू, कारण घड्याळ इथेच सगळ्यात जोरात पळतंय. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दहा-बारा तास प्रत्येकच पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, पडतं, आहे तिथेच झोपतं. त्याला हात लावू नका. पण अंग कोरडं होऊन पिसं फुलली आणि तरीही पाय दोन्हीकडे जाऊन ते पोटावर बेडकासारखं पडून राहत असेल, तर त्याला बांधायला हवं. हाडं-स्नायू लोण्यासारखे मऊ असतात, पहिल्या दोन दिवसांत वळवाल तसे वळतात. आठवडा गेला की मीही हात टेकतो.

साधी जखमेवर लावायची पट्टी घ्या, बँडएड म्हणतो ती. लांबीच्या दिशेने मधोमध कापून दोन अरुंद पट्ट्या करा. एका पिल्लाला एक पुरते. एकाने पिल्लू उलटं, पाय वर करून, हलक्या मुठीत धरायचं आणि दुसऱ्याने बांधायचं. एकट्याने करायला जाल तर पट्टी तुमच्याच बोटांना चिकटेल. पट्टीतली कापसाची गादी दोन पायांच्या बरोबर मध्ये आली पाहिजे, आणि चिकट टोकं पंजाच्या वर, सांध्याच्या खाली, खवल्यांच्या दांड्याभोवती फिरवून स्वतःवरच चिकटवायची. दोन पायांत साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर अंतर ठेवा. माझा अंगठा मध्ये बसला की मी थांबतो. त्याहून जवळ बांधलं तर पिल्लू बाहुलीसारखं आडवं होतं, लांब बांधलं तर बांधून उपयोग नाही. वेढा घट्ट नको. तासाभराने पंजा बघा, जांभळट किंवा गार वाटला तर लगेच सोडून पुन्हा सैल बांधा.

बांधल्यावर पहिली दहा मिनिटं पिल्लू तुमच्याकडे बघून चिवचिवाट करील, तोंडावर आपटेल, मागे कलंडेल. तुम्हाला वाईट वाटेल आणि सोडावंसं वाटेल. सोडू नका. बहुतेक पिल्लं तासाभरात छोट्या उड्या मारत चालायला शिकतात. दिवसातून तीन-चार वेळा दोन्ही हातांच्या ओंजळीत उभं धरून पाच मिनिटं पायांवर वजन टाकायला लावा. एखादं फारच ढिलं असेल तर चहाच्या छोट्या पेल्यात मऊ फडकं घालून त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाय आपोआप पोटाखाली येतात. मात्र समोर बसून राहा, पेला कलंडतो.

पट्टी रोज बदला. काढताना ओढू नका, खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पाच मिनिटं थांबा, अलगद सुटते. दुसऱ्या दिवशी सोडल्यावर पिल्लू नीट उभं राहिलं तर पुन्हा बांधू नका, नाहीतर चौथ्या दिवसापर्यंत चालू ठेवा. बांधलेल्या पिल्लांना सशक्त भावंडांपासून थोडं वेगळं ठेवा, कारण ती पट्टीला किडा समजून टोचत राहतात. पण अगदी एकटंही ठेवू नका, चौघांना एकत्र ठेवा. आणि पाणी बाटलीच्या झाकणात, त्यात चार खडे टाकून. पाय बांधलेलं पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडून मरतं, हे मी एकदाच पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाही.

आता बोटं. इथे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक-दोन बोटं बाजूला वाकडी झाली असतील तर ती बहुधा अंड्यातल्या दाटीवाटीने किंवा बाहेर येताना मुरगळल्याने. पण तुम्ही लिहिता तसं दोन्ही पायांची सगळी बोटं मुठीसारखी आत वळली असतील आणि पिल्लू सांध्यांवर टेकून चालत असेल, तर मला संशय येतो बी-२ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे रायबोफ्लेविनच्या, कमतरतेचा. त्यात पायाकडे जाणारी मोठी नस सुजते आणि बोटं उघडायची ताकद जाते.

तुम्ही माहेरच्या कोंबड्यांबद्दल ओझरतं लिहिलंय ना, की मुंगसाने दोन नेल्या म्हणून मे महिन्यापासून खुराड्यात कोंडल्यात आणि तांदळाची कणी, शिळा भात घालतात? माझ्या मते उत्तर तिथेच आहे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला हिरवा पाला, किडे, गांडुळं मिळतात, बी-२ त्यातून येतं. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळात ते फार कमी. आईच्या अंगात नाही तर अंड्यात नाही, अंड्यात नाही तर पिल्लात कुठून येणार?

उपाय दोन्ही बाजूंनी करायचा. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात पाण्यात मिसळायचं कोंबड्यांचं बी-कॉम्प्लेक्स मिळतं, ते बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यात द्या. जास्त घालून लवकर बरं होत नाही. पिल्लाला लागणारी बी-२ ची मात्रा इतकी लहान आहे, की दिवसाला एका मिलिग्रॅमचा दहावा भाग असं दोन दिवस पोटात गेलं तरी पुरतं. त्यानंतर मात्र रोजच्या खाण्यातून ते मिळत राहिलं पाहिजे. म्हणून पिल्लांना कणी घालू नका, चिक स्टार्टर नावाचं तयार खाद्यच घाला. सोबत उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून चिमूटभर. नस फार दिवस सुजलेली राहिली तर औषध देऊनही बोटं उघडत नाहीत, तेव्हा आजच सुरू करा.

औषध काम करेपर्यंत बोटांना चप्पल घाला. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पंजापेक्षा किंचित मोठा कापा, बोटं एकेक करून सरळ पसरा, वरून-खालून मायक्रोपोर पट्टीने, म्हणजे दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीने, सँडविच करा. पाऊल जरा बदकासारखं दिसेल, हरकत नाही. ओली झाली की बदला, दोन-तीन दिवस ठेवा. आमच्या गल्लीतली पोरं या चपला बघायला रांग लावतात आणि प्रत्येक पिल्लाला नाव ठेवून जातात.

राहिलेलं एक पिल्लू, ज्याचा एक पाय बाहेर फिरलाय, त्याचं मी गोड बोलून सांगणार नाही. कोंबडीचा आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरं तर तिचा घोटा. त्याच्या मागच्या बाजूला एका खाचेतून जाड दोरीसारखी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, जाते. चांगल्या पायावर बोट फिरवा, ती मधोमध लागेल. मग सुजलेल्या पायावर फिरवा. मागची बाजू सपाट लागली आणि दोरी बाजूला सरकलेली जाणवली, तर कंडरा खाचेतून घसरली आहे. पाय सरळ होत नाही, फिरतो आणि दुखतो. खाण्यात मँगनीज हे खनिज कमी पडलं की हे होतं, कधी कोलीन किंवा बायोटिन ही पोषकद्रव्यं कमी पडल्यानेही, कारण हाडाचा शेवट नीट घडत नाही आणि खाच उथळ राहते. पाय धरून पिल्लू ओढल्यानेही होऊ शकतं.

पहिल्या काही तासांत पाय मागे ताणून, अंगठ्याने दोरी हलकेच खाचेत ढकलून, सांधा मुडपून ठेवला तर कधीकधी बसते. माझ्या हातून बसलेल्यांपैकी बऱ्याच पुन्हा सरकल्या. तुमच्या पिल्लाला दीड दिवस झालाय, तेव्हा स्वतः प्रयोग करण्यापेक्षा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. नाहीतर चपलांच्या खोक्यात घालून, खोक्याला भोकं पाडून, कळव्याहून स्लो लोकलने परळ गाठा. तिथलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पक्षी तपासणं त्यांना नवीन नाही. ते नाही म्हणाले, आणि पिल्लू खात-पीत नसेल, तर त्याला खुरडत ठेवू नका, तिथेच वेदना न होता सोडवून घ्या. एवढ्यापुरते सासरे बरोबर.

आता असं का झालं. फाकलेल्या पायांना कागद कारण झाला हे खरं, पण माझा मोठा संशय त्या दोन भरलेल्या पन्हळींवर आहे. १६ वर्षांपूर्वी पहिल्याच जुलैत मीही माहितीपत्रक देवाच्या पोथीसारखं वाचून दोन्ही पन्हळी काठोकाठ भरल्या होत्या. ३६ अंड्यांतून ९ पिल्लं निघाली, तीही थुलथुलीत, ओलसर, पोटं फुगलेली, उभीच राहीनात. उरलेली कवचात पूर्ण वाढून मेलेली. फोडून पाहिली तर आत पाणी.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत थोडं वाळायलाच हवं. १८व्या दिवसापर्यंत त्याचं वजन ११ ते १३ टक्क्यांनी कमी झालं की रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते, आणि पिल्लू बाहेर येण्याआधी पहिला श्वास तिथेच घेतं. हवा फार ओली असली तर अंडं वाळत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू पाणी धरून मोठं होतं आणि त्याला आत वळायला जागा उरत नाही. असं जड, मऊ पिल्लू गुळगुळीत जमिनीवर आलं की पाय फाकणारच.

माहितीपत्रक लिहिणाऱ्याला आपल्या खाडीची हवा माहीत नसते. जुलैत कळव्याच्या खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजचीच गोष्ट. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता उतरून ५० टक्क्यांच्या आसपास येते, एक थेंब पाणी न घालता. आणि पहिल्या १८ दिवसांना ५० ते ५५ टक्के हवेच असतात! म्हणजे पावसाळ्यात पन्हळी कोरड्या ठेवायच्या. उलट जानेवारीत खोलीत २२ अंश आणि ५० टक्के असले तर मशीनमध्ये जेमतेम २० टक्के उरतात, तेव्हा पाणी लागतंच. एकच मशीन, एकच घर, पण पाण्याचा हिशोब ऋतूप्रमाणे उलटा. शेवटच्या तीन दिवसांत, अंडी फिरवणं थांबवल्यावर, ६५ ते ७० टक्के हवेत, म्हणजे कवचाच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटत नाही. पावसाळ्यात त्यासाठी एक पन्हळ पुरते.

आर्द्रतेच्या काट्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने चिखलासारखं ओलं करा, काट्यासोबत हवाबंद डब्यात सहा-आठ तास ठेवा. काट्याने ७५ दाखवायला हवेत. ६८ दाखवले तर तो ७ ने कमी दाखवतो, एवढं लिहून ठेवा. त्याहून भरवशाचा मार्ग वजनाचा. दहा गावठी अंडी खुणा करून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकत्र तोला. समजा ४२० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ४०० च्या आसपास, १८व्या दिवशी ३७० च्या आसपास यायला हवीत. सातव्या दिवशी ४१२ असतील तर पाणी काढून टाका आणि हवेची भोकं उघडा. मी आता आर्द्रतेचा काटा बघतच नाही, वजनच करतो.

पिल्लं २३व्या दिवसापर्यंत रेंगाळली यावरून दुसरी शंका अशी, की पडद्यावर ३७.५ दिसत असलं तरी आत तेवढं नव्हतं. तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पडताळा, ९९.५ ते ९९.७ फॅरनहाइट यायला हवेत. अर्धा अंश कमी असला तरी पिल्लं उशिरा आणि ढिली येतात. शिळ्या अंड्यांनीही उशीर होतो. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं लावू नका. फ्रिजमधलं तर नकोच. मुरबाडहून दुचाकीवर आणलेली अंडी आल्या-आल्या मशीनमध्ये न टाकता टोकदार बाजू खाली करून एक रात्र विसावू द्या, धक्क्याने आतली हवेची पोकळी सुटते. बाहेरून अंडी आणताना कोंबड्या अचानक मेल्या नाहीत ना एवढं विचारत जा. २०२२ च्या फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला होता आणि आजूबाजूच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

आणखी एक, तुम्ही दोन पिल्लांना कवच सोलून बाहेर काढल्याचं लिहिलंय. पिल्लाने आतून कवचाला पहिला टोचा मारल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. तेवढ्यात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या शिरा रिकाम्या होत असतात. घाई केली तर रक्त येतं. माझी आजी म्हणायची, "पिल्लाला घाई नाय, तुला घाई हाय." ज्याचा पाय फिरलाय ते त्या दोघांपैकी एक आहे का, हे आठवून बघा. तसं असेल तर मँगनीजपेक्षा तुमचं बोट जास्त दोषी. बलक पोटात असल्याने पिल्लं दोन दिवस खाल्ल्यावाचून राहू शकतात, तेव्हा मशीनमध्ये थांबली म्हणून उपाशी मरत नाहीत. पुढच्या वेळी १८व्या दिवशीच अंड्यांखाली ती रबरी जाळी कापून घाला, म्हणजे पहिलं पाऊलच न घसरणाऱ्या जागेवर पडेल.

माहेरी सांगा, कणीत कोंडा मिसळा, त्यात मँगनीज भरपूर असतं. रोज मूठभर शेवग्याचा किंवा कुठलाही कोवळा पाला, ताक असेल तर ताक, आणि शिंपल्यांचा चुरा. कोंबड्यांचं क्षारमिश्रण मिळालं तर उत्तम. खाणं बदलल्यावर लगेच अंडी लावू नका, निदान तीन आठवडे जाऊ द्या. आणि एका नरामागे आठ-दहापेक्षा जास्त माद्या नसल्या तर रिकामी, म्हणजे पिल्लू न धरलेली, अंडी कमी निघतील.

राहिला पैदाशीचा प्रश्न. पाय फाकलेली चारही पिल्लं सुधारली तर खुशाल ठेवा, तो दोष रक्तातला नाही. बोटं वळलेली दोन बरी झाली तर तीही ठेवा. कंडरा सरकलेलं पिल्लू वाचलं तरी त्याची अंडी लावू नका, खाच उथळ असण्याची खोड पुढे जाऊ शकते. आठवड्याभरात सगळी सारखीच दिसायला लागतील आणि कोण कुठलं ते तुम्हालाच कळणार नाही, म्हणून आजच पायात रंगीत लोकरीचा सैल दोरा बांधा आणि वहीत लिहा. दोरा दर चार-पाच दिवसांनी बदला, पाय भराभर जाड होतात. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस डोळ्यात घालायची असते, तेव्हा वही हाताशी असू द्या आणि उद्या सकाळी पट्टी सोडल्यावर चौघांपैकी किती उभी राहिली ते कळवा.